भाता

पहिल्याच दिवशी लाद्रूमेस्तांनी मला रांगेतून बाहेर काढलं.
रागावून नव्हे. जुडीतली ओली काडी
चुलीशेजारी वेगळी ठेवावी, तसं.
"फावस्तू, तुझो सूर खंय चल्लो रे?
आरवलीक?"
सगळे हसले. मीही हसलो.
तो कुठे जातो, मला खरंच माहीत नव्हतं.

शाळेच्या मागच्या खोलीत, खडूच्या खोक्यांना टेकून
पायपेटी होती. खाऱ्या वाऱ्यानं दोन पट्ट्या मुक्या,
एक दाबली की उठायचीच नाही,
मेस्त तिला नखानं वर उचलायचे, गाणं न थांबवता.
पाय कधीचेच मोडलेले. म्हणून पाठीमागे
सान्तान सुतारानं फणसाचा दांडा बसवून दिलेला.
खाली, वर. खाली, वर.
"ह्यो तुझो सूर," मेस्त म्हणाले.

भिंतीकडे तोंड. दिसायचा फक्त
ओलीचा एक डाग, पेडव्याच्या आकाराचा,
आणि पाठीमागे दो, रे, मी.
एस्प्रान्साचा आवाज सगळ्यांत आधी यायचा.
इनास जरा उशिरा, मिसाला धावत शिरल्यासारखा.
तांडेलांची शेवंता वर्गाच्या दाराशीही चपला काढायची,
ती एकदा सूर धरला की सोडायचीच नाही,
घोरपडीसारखी.

हळूहळू हातांना कळायला लागलं.
वर चढायचं असेल तर खोली आधीच गप्प व्हायची.
लांबलचक 'आमेन' आलं की दांडा जड,
सुक्या वाळूतून होडी ओढावी तसा.
आणि शेवटच्या ओळीआधी मेस्त एकदा खोकायचे.
तो खोकला कुणाच्याच वहीत नव्हता.
मी पाठ केला.

सायबिणीच्या फेस्ताला, पुढे बिशपसायब,
माझ्या पायांत दोन भावांचे दोन वेगळे मोजे,
आणि ऐन मधोमध भात्याचं चामडं फाटलं.
फस्स.
मी दांडा मारत राहिलो.
थांबायचं कसं, ते कुणी शिकवलं नव्हतं.
पेटी गप्प. नुसतं लाकडावर लाकूड,
ठक. ठक.
आणि पोरं त्या ठकठकीवर गात होती.
शेवंतानं धरून ठेवलं होतं. सांगितलं ना, सोडायचीच नाही.

तेव्हा पहिल्यांदा मी मान वळवली.
एस्प्रान्साचा पुढचा दात पडलेला. कधी पडला?
इनास डोळे मिटून गात होता.
मेस्त दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेले,
दुकानाची फळी लावून झालेल्या माणसासारखे.
संपल्यावर काही बोलले नाहीत.
बाहेरच्या फेरीतून खाज्याची पुडी आणून
माझ्या खिशात कोंबली.
चामड्याला पुढे इनासच्या फुटबॉलचं ठिगळ लागलं.

आता मी बंदरावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो.
फावस्तूच्या कानाला कळतं, म्हणतात.
एवढंच कळतं, की आवाज
शेवंताच्या सुराहून नखभर खाली आला
की डिझेलात पाणी आहे.
गाता अजून येत नाही. नातीच्या बाप्तिस्म्याला
मी नुसते ओठ हलवले.

परवा शाळेचा पंप बघायला गेलो.
वर्गात वायरवाला कीबोर्ड, वीज गेलेली,
टीचरनं पोरांना खेळायला सोडलेलं.
पायपेटी अजून तिथेच. वर जुन्या उत्तरपत्रिका, एक फुटका ग्लोब.
कुणी बघत नाही असं पाहून दांडा धरला.
खाली. वर.

ठिगळ धरून होतं.
आणि ती न उठणारी पट्टी
तशीच दाबलेली राहिली होती, इतकी वर्षं,
नख लावायला कुणी नव्हतं म्हणून.
वाजली.

घोगरी, एकच, लांब.
दारात एक पोरगा, हातात चेंडू,
"काका, ह्यां काय वाजतां?"
मी खोकलो. एकदाच.
सूर दक्षिणेच्या खिडकीतून बाहेर पडला,
काजूच्या झाडावरून,
आरवलीच्या वाटेला लागला.